फेट सिम्युलेशन म्हणजे काय? विज्ञानाच्या तासाला ते कसं वापरायचं?

विज्ञानाच्या तासाला व्हिडिओ लावला की वर्ग शांत होतो. पण मुलं विचार करतायत की नुसती बघतायत, हे त्या शांततेवरून कळत नाही. इथे सिम्युलेशन उपयोगी पडतं, पण ते योग्य वेळी उघडलं तरच.

फेट म्हणजे काय?

सिम्युलेशन म्हणजे स्क्रीनवर करायचा प्रयोग. व्हिडिओ नुसता बघायचा असतो. इथे लांबी, वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आपण बदलायचं आणि काय होतं ते पाहायचं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात 'फेट' प्रकल्प सुरू केला. ही सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि त्यातली अनेक मराठीतही आहेत. बरीचशी आधी डाउनलोड करून ठेवली, तर वर्गात इंटरनेट नसलं तरी चालतात.

एक उदाहरण: लंबक

1. आधी खरा प्रयोग. दोऱ्याला दगड बांधून टांगा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. हलकासा झोका द्या. दगड जाऊन परत आला की एक दोलन. अशा 10 दोलनांना सुमारे 10 सेकंद लागतात.

2. मग अंदाज. दोरा चौपट, म्हणजे 1 मीटर केला तर? बरीच मुलं 40 सेकंद म्हणतील. सगळे अंदाज फळ्यावर लिहा आणि मोजा. उत्तर येतं सुमारे 20. कारण वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. लांबी चौपट, तर वेळ दुप्पट.

3. आता स्क्रीन. हाच लंबक चंद्रावर नेला तर? वर्ग चंद्रावर जाऊ शकत नाही. फेटच्या 'पेंड्युलम लॅब'मध्ये मात्र चंद्र निवडता येतो. पुन्हा आधी अंदाज घ्या. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्यामुळे 1 मीटरच्या लंबकाला 10 दोलनांसाठी जवळपास 49 सेकंद लागतात.

सावध कुठे राहायचं?

सिम्युलेशनमध्ये घर्षण शून्य ठेवलं तर लंबक थांबतच नाही. वर्गातला मात्र हळूहळू थांबतो. आकडेही थोडे वेगळे येतात. अशा वेळी मुलं म्हणतात, "आमचं चुकलं, मोबाइलवर बरोबर आहे."

इथे शिक्षकांनी थांबायला हवं. स्क्रीनवर दिसतं ते निसर्गाचं एक सोपं केलेलं रूप, सूत्रांवर चालणारं. सूत्र बरोबर आहे का, हे ठरतं खऱ्या दगडावरून. मोजताना चूक झाली असेल तर पुन्हा मोजा, पण स्क्रीनशी जुळावं म्हणून वहीतला आकडा बदलू देऊ नका. "फरक का पडला?" हा प्रश्न विचारा. हवेचा विरोध, घड्याळ दाबायला झालेला उशीर, लांबी मोजण्यातली चूक अशी उत्तरं मुलंच शोधतील.

एकच मोबाइल असेल तर?

तरीही चालतं. अंदाज सगळ्यांनी हात वर करून सांगायचा, आकडा एका मुलाने बदलायचा, उत्तर दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं.

मोबाइलच नसेल तर दोरा आणि दगड आहेतच. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर टाकाऊ वस्तूंपासून बनणारी विज्ञान खेळणी मोफत पाहायला मिळतात. ती घरी एकदा बघून ठेवली की वर्गात स्क्रीन लागत नाही.