पुढच्या चाकाचे बेअरिंग: झीज कशी ओळखावी, दुरुस्ती कशी करावी

मलकापूर परिसरात ऑक्टोबरपासून कापूस वेचणीला वेग आला, की ट्रॅक्टर, पिकअप आणि मालट्रक यांची धावपळ वाढते. शेतातून पांदण रस्त्याने गाव, गावातून राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि तिथून जिनिंग किंवा बाजार समिती, असा हा प्रवास असतो. पावसाळाभर काळ्या चिखलात फिरलेले पुढच्या चाकाचे बेअरिंग नेमके याच वेळी आवाज करू लागते. दुर्लक्ष केल्यास चाक जाम होते किंवा हबसह बाहेर निघते. भरलेली गाडी महामार्गावर किंवा मोताळ्याच्या पुढे राजूर घाटात असताना असे झाले, तर ते जिवावर बेतते.

बेअरिंग बहुतेक वेळा वयामुळे जात नाही. फाटलेल्या ऑइल सीलमधून आत गेलेले पाणी व माती, संपलेले किंवा खराब ग्रीस आणि नटची चुकीची आवळणी ही त्याची मुख्य कारणे आहेत. कारण दूर न करता फक्त बेअरिंग बदलले, तर नवे बेअरिंगही लवकर खराब होते.

रचना समजून घ्या

दोनचाकी चालनाचे ट्रॅक्टर, जुन्या रचनेचे पिकअप आणि ट्रक यांच्या पुढच्या हबमध्ये दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात. आतले सहसा मोठे, बाहेरचे लहान असते. रोलरसह आतली कडी म्हणजे कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी म्हणजे कप. निमुळत्या रोलरमुळे गाडीचे वजन आणि वळणावरचा बाजूचा दाब असे दोन्ही भार पेलले जातात. अमेरिकेतील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले.

आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेर वॉशर, खाचांचा नट, स्प्लिट पिन आणि त्यावर ग्रीसची टोपी असते. काही ट्रकमध्ये स्प्लिट पिनऐवजी दोन नट व लॉक वॉशर असतात.

नवीन पिकअपमध्ये अनेकदा बंद हब युनिट येते. त्यात ढिलाई काढता येत नाही, पूर्ण युनिट बदलावे लागते. चारचाकी चालनाच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या हबमध्ये गिअर व तेल असते. ते काम प्रशिक्षित मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

झिजेची लक्षणे

- वेगाबरोबर वाढणारा घरघर आवाज. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर डाव्या चाकावर, डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकावर संशय घ्यावा.
- एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम होणे. दहा-पंधरा किलोमीटरनंतर हाताची मागची बाजू हबजवळ नेऊन दोन्ही बाजूंची तुलना करावी. ट्रकमध्ये ब्रेक चिकटल्यानेही हब तापतो, तेही तपासावे.
- स्टिअरिंगला थरथर, चाकाचा हेलकावा, टायरची असमान झीज.
- हबच्या आतल्या बाजूने ग्रीस गळणे. ट्रकमध्ये हे ग्रीस ब्रेक लायनरवर गेल्यास गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते.

दहा मिनिटांची तपासणी

१. गाडी रिकामी करून सपाट, कडक जागेवर उभी करावी. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी.
२. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक उचलावे आणि खाली मजबूत स्टँड किंवा लाकडी ठोकळा द्यावा. फक्त जॅकच्या भरवशावर काम करू नये.
३. चाक वरून व खालून धरून आत-बाहेर हलवावे. मग डावीकडून व उजवीकडून धरून हलवावे.
४. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्पिंडलजवळ ठेवावा. खरखर किंवा अडखळणे जाणवले तर बेअरिंग खराब आहे.

ढिलाई कुठली, हे ठरवण्यात सर्वाधिक चुका होतात. फक्त डावी-उजवी हालचाल असेल तर टाय रॉडचे जोड तपासावेत. वर-खाली धरून हालचाल जाणवली, तर सोबत्याला हब व स्पिंडल यांच्यामधल्या फटीकडे पाहायला सांगावे. हब एकटा हलत असेल तर दोष बेअरिंगचा; स्पिंडलही सोबत हलत असेल तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजले आहे. ट्रकमध्ये सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर वर-खाली झुलतो, ती ढिलाई समजू नये.

खोलल्यानंतर काय पाहावे

चाक, टोपी, स्प्लिट पिन, नट व वॉशर काढून हब सरळ बाहेर ओढावा. बाहेरचे बेअरिंग खाली पडू देऊ नये. सर्व भाग डिझेल किंवा केरोसिनमध्ये धुऊन, कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावेत. हवेच्या दाबाने बेअरिंग गरगर फिरवू नये, रोलर निसटून इजा होते.

- तांबूस गंज: पाणी शिरले. सील व टोपी तपासावी.
- बारीक ओरखडे, राखाडी धूसर पृष्ठभाग: माती शिरली.
- निळसर-काळा रंग: ग्रीसची कमतरता किंवा नट जास्त आवळल्याने उष्णता.
- कपमध्ये रोलरच्या अंतराने पडलेले खळगे: खड्ड्यांचे धक्के, जादा भार. पुढे लोडर लावलेल्या ट्रॅक्टरमध्ये याकडे विशेष लक्ष द्यावे.
- पापुद्रे निघणे: बेअरिंगचे आयुष्य संपले.

यापैकी काहीही दिसले, तर कप व कोन जोडीनेच बदलावेत. जुन्या कपमध्ये नवा कोन टिकत नाही. स्पिंडलवर आतली कडी फिरून खाच पडली असेल तर पंचचे ठोके मारून कडी घट्ट बसवण्याचा उपाय धोक्याचा आहे, स्पिंडल बदलावे.

खरेदीपूर्वी बेअरिंगवर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. मिलिमीटर मालिकेत ३०२०६ या क्रमांकातील शेवटचे ०६ गुणिले ५, म्हणजे आतील व्यास ३० मिमी. इंची मालिकेचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे जुना नग सोबत न्यावा.

बसवण्याची पद्धत

१. जुना कप पितळी दांड्याने चारही बाजूंनी सारखे ठोके देत काढावा. नवा कप तसाच सरळ बसवावा. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो.
२. व्हील बेअरिंगसाठीचे लिथियम ग्रीस वापरावे. जुने ग्रीस पूर्ण काढावे, दोन प्रकारची ग्रीस मिसळू नयेत. तळहातावर ग्रीस घेऊन कोनच्या रुंद बाजूने दाबत राहावे, ते दुसऱ्या बाजूने रोलरमधून बाहेर यायला हवे. हबच्या पोकळीत एक-तृतीयांश ते निम्मे ग्रीस पुरते. ठासून भरल्यास ते तापून सीलमधून बाहेर येते.
३. ऑइल सील दर वेळी नवे टाकावे. सीलची स्प्रिंग असलेली कड ग्रीसच्या बाजूला ठेवून कडेला थोडे ग्रीस लावावे.
४. हब बसवून चाक फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. नंतर नट साधारण एक-षष्ठांश ते पाव फेरा सैल करावा. पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढे आवळू नये, किंचित सैल करून जुळवावे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास तेच पाळावे.
५. चाक मोकळे फिरावे आणि हलवल्यास जेमतेम जाणवेल इतकीच ढिलाई राहावी. नवी स्प्लिट पिन टाकून टोके वाकवावीत. जुनी पिन किंवा तारेचा तुकडा वापरू नये.
६. चाकाचे नट समोरासमोर क्रमाने आवळावेत. पाच-दहा किलोमीटर रिकामी गाडी चालवून हबची उष्णता पाहावी व चाकाचे नट पुन्हा तपासावेत.

आवाज आला म्हणून टोपी काढून नट घट्ट करणे ही दुरुस्ती नाही. झिजलेले बेअरिंग आवळल्यावर आवाज काही दिवस दबतो, पण ते अधिक तापते आणि अचानक जाम होते.

हंगामानुसार देखभाल

- मे महिन्यात, पेरणीपूर्वी: ढिलाई, सील व टोपी तपासावी.
- पावसाळ्यात: चाके पाण्यात बुडाल्यास काम संपल्यावर ढिलाई व गळती पाहावी. ग्रीस दुधाळ झाले असेल तर हब खोलून धुवावा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये.
- वेचणीपूर्वी: हब खोलून ग्रीस बदलावे. ट्रॉलीच्या चाकांचीही हीच तपासणी करावी.

विस्तार कर्मचाऱ्यांनी गावातील खरीप बैठकीत एखाद्या ट्रॅक्टरवर ही तपासणी करून दाखवावी. बेअरिंग बदलणे हे मिस्त्रीचे काम असले, तरी चाक हलवून पाहणे हे चालकाचे काम आहे. ढिलाई किंवा खरखर आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू नये.