वेदना आणि विणकाम

सोनईस आमची मावशी राहते. गुडघ्यांचा संधिवात तिला फार वर्षांचा. गेल्या पौषांत मी तेथें गेलों असतां ती पहाटेच्या गारठ्यांत लोकरीचे हातमोजे विणीत बसली होती. “मावशी, आतां जरा विसावा घे,” असें म्हणून मीं सुया तिच्या हातांतून काढून घेतल्या. ती म्हणाली, “विसावा घेतला कीं गुडघा बोलूं लागतो, बाबा. विणतांना तो गप्प असतो.”

या उत्तरास इतिहासाचा आधार आहे. आजाऱ्यास काम हें औषध होतें, ही गोष्ट एका आजाऱ्यानेंहि आग्रहानें मांडली. जॉर्ज बार्टन नांवाचा अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ क्षयानें व एका अंगाच्या पक्षाघातानें खचला होता. सुतारकाम आणि बागकाम करतां करतां तो सावरला, व १९१४ सालीं क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं त्यानें आपल्यासारख्यांकरितां एक घर उघडलें. १९१७ च्या मार्चमध्यें तेथेंच व्यवसायोपचाराच्या प्रसारार्थ राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. महायुद्धांत जखमी झालेल्या शिपायांना पुढें हाच उपचार मिळाला.

आपल्याकडे ही विद्या रुजविली ती कमलाबाई निंबकर यांनीं. त्या जन्मानें अमेरिकन. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून १९३० सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियांतील ती पहिली गणली जाते. १९५२ सालीं जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हां संस्थापक देशांत भारत होता.

मात्र या उपचाराची मर्यादा ओळखावी. झिजलेला सांधा त्यानें पूर्ववत् होत नाहीं. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादिलें कीं, वेदनेची वर्दी मेंदूकडे जातांना मज्जारज्जूंत जणूं एका दारांतून जाते, आणि मनाचें अवधान तें दार कमीअधिक लोटूं शकतें. त्या सिद्धान्तांत पुढें दुरुस्त्या झाल्या. पण मन अन्यत्र गुंतलें असतां वेदना कमी भासते, हें निरीक्षण टिकून आहे.

हातमोजा तर अवधानाची पुरी वसुली करतो. मनगटाची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी विणावी. अंगठ्याचे टाके दोऱ्यावर राखून ठेवावे. मग चारहि बोटें एकेक करून निराळीं विणावीं. एक टाका सुटला कीं बोट बिघडलें! दख्खनी मेंढीची राठ लोकर घोंगडीस चालते, मोज्यास नव्हे. म्हणून मावशी नगरहून मऊ लोकर मागविते. मोजे नातवासाठीं होते. गळिताच्या हंगामांत तो भल्या पहाटे फटफटीवरून साखर कारखान्यांत कामास जातो.

आपल्या सुशिक्षित घरांत दुखणेकऱ्यास दोनच गोष्टी सांगण्याची रीत आहे: औषध घ्या आणि पडून राहा. औषध अवश्य घ्यावें. परंतु ज्याच्या हातांतलें काम आपण मायेपोटीं काढून घेतों, त्याला त्याच्या दुखण्यापाशीं एकटें सोडतों, हें माझ्या ध्यानीं उशिरां आलें. मीं सुया मावशीला परत दिल्या. तिनें टाके मोजले. एक निसटला होता. तो उचलून घेऊन ती पुनः विणूं लागली.