णमोकारातला ‘ण’ आणि निर्णयसागरचे खिळे



घरात उत्तरेकडे छापलेला एखादा जुना ग्रंथ असेल तर उघडून पाहा. णमोकारातला पहिलाच ‘ण’ कधी कधी चक्क ‘रा’सारखा दिसतो. नव्या सुना गोंधळतात, “आई, हे ‘रामो’ का?” ते उत्तरेकडचं वळण. आपण पाटीवर गिरवला तो ‘ण’ मुंबईचा. हे मुंबई वळण डोळ्यांत बसलं, त्यात निर्णयसागर छापखान्याचा वाटा मोठा आहे.

त्याआधी छापील पोथी सोवळ्यात चालत नसे, कारण शाईत चरबी असे. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली. आपल्या बायकांना यातली अडचण समजावून सांगायला नकोच!

जावजी दादाजींचा जन्म १८३९चा. गरिबीमुळे दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले, पगार महिना दोन रुपये. मी कॉमर्सवाली, असे आकडे लक्षात राहतात. १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

पण अक्षर घडवलं ते राणोजी रावजी आरू यांच्या हातांनी. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, मग साच्यात शिशाचा रस ओतून खिळे पाडायचे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, मोठी-लहान धरून बावन्न. आपल्याकडे काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं मिळून शेकडो खिळे, आणि प्रत्येकाची शिरोरेघ शेजारच्याला बिनसांध्याची मिळायला हवी. केसाएवढी खालीवर झाली तरी ओळ पायऱ्यांसारखी दिसते. निर्णयसागरचं अक्षर भरीव आणि गोलसर. बोरूने लिहिल्यासारखं जाड-बारीक, म्हणून हाती लिहिलेल्या पोथ्यांना सरावलेल्या डोळ्यांना ते परकं वाटलं नाही. माझ्या मते कॉम्प्युटरवरची कितीतरी अक्षरं त्यापुढे सपाट वाटतात.

याच छापखान्याच्या काव्यमालेतल्या सातव्या गुच्छकात आपली स्तोत्रं आहेत, भक्तामर आणि कल्याणमंदिरसुद्धा. संस्कृत जोडाक्षरांनी गच्च भरलेलं भक्तामर खिळाखिळा जुळवणाऱ्या जुळाऱ्याचं नाव मात्र पुस्तकावर नसतं. जुनी प्रत हाती आली तर एखादं ‘क्त’ किंवा ‘द्ध’ भिंग लावून जरूर पाहा.