श्रुतपंचमी आणि लक्ष्मीबाईंची प्रत



आमच्या जामसंड्यात श्रुतपंचमी येते ती पावसाच्या तोंडावर. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला कपाटातले ग्रंथ काढायचे, मिळेल तेवढे ऊन दाखवायचे, नवी वेष्टने घालायची, पूजा करून परत आत ठेवायचे. यंदा लेकीने विचारले, "आई, यातला तू कुठला वाचलायस?" मी वेष्टनाची गाठ मारत राहिले.

हा सण ज्याच्या लेखनाचा, त्या षट्खंडागमाचेही असेच झाले होते. गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी दिलेले ज्ञान पुष्पदंत-भूतबलींनी प्राकृतात सूत्रबद्ध केले. नवव्या शतकात वीरसेनस्वामींनी त्यावर 'धवला' टीका लिहिली. पुढे कित्येक शतके मूडबिद्रीला त्याची ताडपत्रे फक्त दर्शनाला काढली जात. यात्रेकरू हात जोडत, दान देत आणि निघत.

1883 मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद तिथे गेले. ताडपत्रे झिजत चाललेली पाहून त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींशी बोलणे केले. निधी जमला आणि 1896 च्या सुमारास नक्कल सुरू झाली, पण ती मूडबिद्रीबाहेर जायची नव्हती. नकलाकारांतल्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत केली. त्यात मोठा हात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा होता. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत ही त्यांची तळमळ, असे संपादक हिरालाल जैन यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे.

ही चोरीच का? 1915 मध्ये ती प्रत सोलापूरला आणली, तेव्हा हिराचंदशेठांनी ठेवून घेतली नाही. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. पण माझे मन लक्ष्मीबाईंकडेच झुकते. शेवटी सहारनपूरला ती ठेवून घेतली गेली. तिथे देवनागरी प्रत झाली, आणि गंमत म्हणजे त्या लेखकानेही स्वतःसाठी एक जास्तीची उतरवून घेतली! अशा प्रतींवरूनच 1939 मध्ये अमरावतीहून पहिला भाग हिंदी अनुवादासह छापला गेला. एकूण सोळा भाग व्हायला वीसेक वर्षे लागली.

आता आपल्या कामाची गोष्ट. पहिल्या भागातले 93 वे सूत्र मनुष्यिणींविषयी, म्हणजे स्त्रियांविषयी आहे. त्यांना कोणती गुणस्थाने संभवतात हे तिथे सांगितले आहे. हाती आलेल्या प्रतींत तिथे 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. अर्थ पाहता तो असायला हवा, असे संपादकांनी तळटीपेत लिहिले आणि पंडितांत वादळ उठले. पुढे मूडबिद्रीची मूळ ताडपत्रे ताडून पाहिली, तर शब्द तिथे होता! सूत्रातली स्त्री द्रव्याने की भावाने, हा वाद त्यानंतरही चाललाच.

आपल्याबद्दलच्या एका शब्दावर एवढे रणकंदन झाले आणि मला ते पन्नाशीत कळले.

सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने धवलेचे भाग पुन्हा छापले आहेत. पहिला भाग मी या वर्षी कपाटाबाहेर ठेवलाय. दुपारी लेक मोठ्याने वाचते. हिंदी जड आहे, दिवसाला दोन पाने होतात. 93 वे सूत्र अजून यायचे आहे.