यादी-अहवालाचा नियम

यादी-अहवालाचा नियम : व्यावसायिक सॉफ्टवेअर उभारण्याच्या मंचावर, साठवलेल्या नोंदींपैकी कोणत्या नोंदी, कोणत्या रकान्यांसह आणि कोणत्या क्रमाने दाखवायच्या हे ठरवणारा नियम. अ‍ॅलन ट्रेफलर यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे स्थापन केलेल्या पेगासिस्टिम्स कंपनीच्या पेगा या मंचावर तो नीट पाहता येतो. तिथे पूर्वी यादीसाठी ‘लिस्ट व्ह्यू’ आणि गोषवाऱ्यासाठी ‘समरी व्ह्यू’ असे वेगवेगळे नियम होते. पुढे दोहोंची जागा ‘रिपोर्ट डेफिनिशन’ने घेतली. त्यात एखाद्या रकान्यावर बेरीज, सरासरी किंवा मोजणी लावली की गोषवारा मिळतो. काहीच लावले नाही, तर दर नोंदीला एक ओळ अशी यादी.

असा नियम करणे म्हणजे रकाने निवडणे, असा सर्वसाधारण समज आहे. रकाना चुकला तर तो पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. गाळलेली ओळ मात्र कुणालाच दिसत नाही. म्हणून या नियमाचा खरा कस फिल्टरवर, म्हणजे नोंदी गाळणाऱ्या अटींवर, लागतो. विम्याच्या दाव्यांचे उदाहरण घेऊ. शिल्लक दाव्यांच्या यादीसाठी ‘स्थिती = ओपन’ असा फिल्टर कुणालाही सहज सुचेल. पण पेगातल्या रूढ पद्धतीनुसार अडकलेल्या कामाची स्थिती ‘पेंडिंग’ने सुरू होते आणि निकाली निघालेल्याची ‘रिझॉल्व्ड’ने. साहजिकच मंजुरीसाठी थांबलेले सगळे दावे या यादीतून गळतात. ‘स्थिती रिझॉल्व्डने सुरू होत नाही’ असा फिल्टर लावला तर ते राहतात. तारखेचेही तसेच. ‘मुदत आजच्या आधीची’ एवढीच अट घातली, तर ज्या दाव्याला कुणी मुदतच लिहिलेली नाही तो थकीत यादीत कधीच येणार नाही, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित दावा तोच असतो. फिल्टरांना अ, ब, क अशी अक्षरे देऊन ती ‘आणि’, ‘किंवा’ने जोडतात तेव्हा कंसाची जागाही तपासावी लागते : ‘अ आणि (ब किंवा क)’ आणि ‘(अ आणि ब) किंवा क’ या दोन अगदी वेगळ्या याद्या आहेत.

दुसऱ्या क्लासची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या नोंदींची, माहिती जोडताना चूक आणखी खोल लपते. दाव्याला त्याची कागदपत्रे जोडताना ‘फक्त जुळणाऱ्या ओळी’ हा पर्याय ठेवला, तर कागदपत्र न आलेला दावा नाहीसा होतो. आणि तीन कागदपत्रे असलेला दावा तीनदा दिसतो. तीन ओळी पाहून तीन दावे मोजणाऱ्याला दोष देता येत नाही.

हे सारे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या साध्या प्रश्नातही लिहिता येते, मग वेगळा नियम कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण नियम क्लासला बांधलेला असतो. वरच्या क्लासवर केलेला अहवाल खालच्या क्लासना वारशाने मिळतो, रूलसेटच्या (नियमसंचाच्या) आवृत्तीत त्याची नोंद राहते आणि पाहणाऱ्याचे अधिकार त्याला लागू करता येतात. कोडमध्ये इतस्ततः पेरलेल्या एसक्यूएलला हे आपोआप मिळत नाही. दुसरा आक्षेप असा, की वापरकर्ता स्वतःच फिल्टर बदलू शकतो, तेव्हा मूळ नियमाची एवढी काळजी कशाला? बदलू शकतो, हे खरे; पण आपल्या यादीत काही कमी आहे ही शंका आधी त्याच्या मनात यायला हवी. पूर्ण दिसणाऱ्या यादीबद्दल ती येत नाही. ओळींच्या कमाल मर्यादेबाबतही हेच म्हणता येईल : यादी मर्यादेपाशी तुटली असेल, तर उरलेल्या नोंदी पडद्यावर दिसतच नाहीत.

वेगाचा प्रश्नही फिल्टरशीच येऊन भिडतो. पेगा कामाची बरीचशी माहिती एका एकत्रित गठ्ठ्यात, म्हणजे ब्लॉबमध्ये, साठवतो. फिल्टरमधल्या गुणधर्माला डेटाबेसमध्ये स्वतंत्र कॉलम नसेल तर गठ्ठे उलगडून पाहावे लागतात आणि नोंदी वाढत जातील तशी यादी मंदावते. विकासाच्या सर्व्हरवरच्या मूठभर नोंदींत हे जाणवत नाही. गळलेल्या किंवा दुबार ओळीही तिथे अशाच नजरेतून सुटतात. म्हणून नियम तपासताना नोंदी मुद्दाम रचाव्यात : एक मुदत नसलेला दावा, एक कागदपत्र नसलेला, एक तीन कागदपत्रांचा, एक मंजुरीसाठी अडकलेला. मग यादी चालवून त्यांतला प्रत्येक दावा एकदाच आला का, ते बोट ठेवून पाहावे.