वेटोळे कुठे बसवावे?



मी जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकचा. उमेदीची वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेली. शाळा लवकर सुटली, ती पुढे ग्रंथालयात भरली. अशा माणसाने बिनतारी विद्येवर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या गावाजवळच खोडदची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तिच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तेथे टिपल्या जाणाऱ्या लाटा सुमारे दोन मीटरांपासून वीतभर लांबीपर्यंतच्या. तबकडी लाटेहून कितीतरी मोठी, म्हणून काम सुखाने चालते. पण लाटच खांबाहून अनेक पटींनी लांब असली, तर? आजचा विषय तोच आहे.

उभे एरियल लाटेच्या चौथाई उंचीचे असले, म्हणजे त्यात वीज सहजपणे झुलते. १६० मीटरांच्या लाटेसाठी ४० मीटरांचा खांब हवा. तो कोणाच्या अंगणात मावणार? खांब आखूड राहिला, तर उणीव भरून काढण्यासाठी त्यात तारेचे वेटोळे घालावे लागते. त्यालाच लोडिंग कॉइल म्हणतात.

हा प्रश्न प्रथम सरकारांना व मोठ्या कंपन्यांना पडला. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२४ साली सुरू झालेल्या केंद्राची लाट सतरा-अठरा किलोमीटर लांबीची. चौथाई म्हटली तरी चार किलोमीटरांहून अधिक! तेथे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत. एवढे करूनही खांब ठेंगणेच ठरले. तेव्हा अर्न्स्ट अलेक्झांडरसन या इंजिनियराने एकच मोठे वेटोळे एका जागी न ठेवता ते वाटून मनोऱ्यामनोऱ्यापाशी बसवले. जमिनीत उतरणारी वीज सहा वाटांनी विभागली गेली आणि मातीत वाया जाणारी शक्ती पुष्कळ कमी झाली. मनोरे एक हातही वाढले नाहीत. बदलली ती वेटोळ्यांची जागा. ते केंद्र २००४ पासून जागतिक वारसा म्हणून जपले जात आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यात इतिहासाने वेगळे वळण घेतले. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले, तेव्हा खडकीला प्रेषण आणि दौंडला ग्रहण अशी केंद्रे झाली. तेथे लघुलहरी वापरल्या गेल्या आणि लांब लाटांचे अवाढव्य मनोरे टळले. गंमत अशी की, अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरांखाली ढकलले होते, कारण त्या लाटा निरुपयोगी समजल्या जात. निरुपयोगी म्हणून दिलेल्या त्या जमिनीत पुढे सोने निघाले! लांब लाटांचे दार हौशी लोकांना पुन्हा उघडले ते बऱ्याच काळाने. २००७ च्या जागतिक परिषदेने १३६ किलोहर्ट्‌झच्या आसपासची, तर २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्‌झची चिंचोळी पट्टी त्यांच्यासाठी मोकळी केली.

आता मूळ वादाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी लोक मोटारीवर आखूड एरियल लावू लागले, आणि वेटोळे पायथ्याशी बसवावे की मध्यावर, याचा खल सुरू झाला. कॅनडाचे जॉन बेलरोझ यांनी १९५३ साली यावर लिहिले. हिशेब सांगतो. वेटोळे पायथ्याशी असले, तर खांबातील वीज बुडापासून शेंड्यापर्यंत सारखी ओसरत जाते, सरासरी निम्मीच राहते. वेटोळे मध्यावर नेले, तर त्याखालील अर्धा खांब जवळजवळ पूर्ण विजेने भरलेला राहतो. सरासरी पाऊण होते आणि लाट फेकण्याची ताकद सव्वादोनपट होते. मग शेंड्यालाच का नेऊ नये? कारण वेटोळे जितके वर, तितके त्याचे वेढे अधिक लागतात. मध्यावर पायथ्याच्या दुप्पट वेटोळे लागते, आणि त्याच्या तारेत तितकीच जास्त शक्ती उष्णतेत जाते.

केवळ वेटोळ्यातलाच नाश धरला, तर उत्तम जागा एक तृतीयांश उंचीवर येते, आणि तेथेही लाभ पाचव्या हिश्श्याहून कमीच. पण पायथ्याच्या वेटोळ्यात जातो तितकाच नाश जमिनीतही होत असेल, तर उत्तम जागा बरोबर मध्यावर येते आणि लाभ दीडपट होतो. म्हणजे जागा ठरवण्याआधी विचारायचे ते हे की, नाश कुठे होतो?

आमच्या भागातील काही परवानाधारक तरुणांनी १२ मीटरांचा खांब उभारला होता. वेटोळे वर वर सरकवता सरकवता खांब वाऱ्यात वाकू लागला, तरी आवाज काही वाढेना. मला म्हणाले, "अण्णा, आता काय करायचं?" मी पायथा पाहिला. कोरड्या मुरमात हातभर लांबीची एकच कांब ठोकलेली! म्हटले, "बाळांनो, आधी मातीचं बघा." त्यांनी खांबाभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा जमिनीवर पसरल्या, शेंड्याला आडव्या तारांची टोपी बांधली. टोपीमुळे वेटोळे लहान झाले, ते मध्याच्या खाली आले आणि आवाज पोचला.

हा केवळ छंद आहे काय? ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर आणली ती एस.टी.च्या एका चालकाने. आखूड लाट डोंगरापाशी अडते, लांब लाट जमिनीला धरून पलीकडे जाते. डोंगरातल्या गावाला चाळीस मीटरांचा खांब परवडणार नाही, पण योग्य जागी बसवलेले वेटोळे परवडेल.

चळवळीत मी हेच शिकलो. उंची विकत घेता येत नाही, त्याने आपली शक्ती कुठे वाया जाते ते आधी शोधावे.