नीतीच्या सिद्धान्तांची पारख

कसे वागावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणाऱ्याचा सिद्धान्तच चांगला की वाईट, हे कसे ठरवायचे, याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. ग्रंथ जाडजूड आहेत खरे, पण त्यांची परीक्षा घ्यायला लागणारे साहित्य आपल्या मुलखातच सापडते.

उदाहरण पांढुर्ण्याचे घ्या. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, घरोघरची बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, इथे जाम नदीत गोटमार असते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. झेंडा तोडायला पांढुर्ण्याचे लोक पाण्यात उतरतात, सावरगावकर त्यांना गोट्यांनी अडवतात. शेकडो लोक जखमी होतात. माणसे दगावलीही आहेत.

आता पहिली कसोटी: सिद्धान्तांना या काठावर उभे करून पाहा. बेंथम आणि मिल हे उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ सुखदुःखाचा हिशेब मांडायला सांगतात. एका बाजूला फुटलेली डोकी, दुसऱ्या बाजूला हजारो प्रेक्षकांचा आनंद. गर्दी पुरेशी वाढली तर कोणाचा डोळा जाणेही हिशेबात बसेल का? बसत असेल, तर हिशेबाच्या रीतीवरच संशय घ्यायला हवा. स्वातंत्र्यवादी म्हणेल, उतरणारा आपल्या मर्जीने उतरतो. पण काठावर नुसत्या बघत उभ्या असलेल्या पोराला लागलेल्या गोट्याचे काय? जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या मते माणसाला, स्वतःलासुद्धा, केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यामुळे ‘राजीखुशीचा मामला’ म्हटल्याने त्याच्यापुढे सुटका नाही.

मला सर्वांत बोलकी वाटते ती रबरी चेंडूंची गोष्ट. प्रशासनाने गोट्यांऐवजी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी गोटेच उचलले. इजा टाळणे एवढेच नीतीचे काम असते, तर चेंडूंपुढे बोलण्यासारखे काही उरले नसते. नदीत मारल्या गेलेल्या प्रेमी जोडप्याची आख्यायिका सांगणाऱ्या या लोकांना जोखीम पत्करण्यातच काही मोल वाटते. ते मोल खरे की भ्रामक, हे सिद्धान्ताने सांगावे. ते दिसलेच नाही असे मात्र करू नये. माझे मत विचाराल तर ते मोल खरे आहे, पण एका जिवाइतके नाही. आणि एवढे म्हणायलाही दोन्ही बाजू एकाच वेळी तोलणारा सिद्धान्त लागतो.

दुसरी कसोटी सुसंगतीची. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या मानवी मनोऱ्यांना वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. पुढे हे नियम बदलले. गोटमारीला एक माप आणि दहीहंडीला दुसरे लावणाऱ्याने दोहोंतला फरक दाखवावा, नाहीतर तो फक्त आपली आवडनिवड सांगतो आहे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात याची रीतच घालून दिली: तत्त्वे आणि आपली ठाम मते समोरासमोर ठेवायची, कधी याला मुरड घालायची, कधी त्याला. तुमच्या प्रत्येक मताला मान डोलावणारा सिद्धान्त म्हणूनच फारसा कामाचा नसतो.

मराठीत ही चर्चा जुनी आहे, आणि त्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले आधिभौतिक सुखवादावरचे प्रकरण वाचकांनी आधी काढावे. टिळकांचे आक्षेप पटोत वा न पटोत, पण मिलसारख्या विरोधकाशी त्यांनी मुद्द्यावर येऊन वाद घातला आहे. वाचायला बसण्यापूर्वी आपले मत कारणांसकट कागदावर लिहून ठेवा. वाचून झाल्यावर त्यातले काय खोडावे लागले ते पाहा. आणि टिळकांची भाषा जड वाटली, तर वामन मल्हार जोशी यांच्या ‘नीतिशास्त्रप्रवेशा’पासून सुरुवात केलीत तरी चालेल.